नवेगावबांधचा तलाव कसा पाहावा: नागपूरहून निघून पाळीवर चढेपर्यंत

दर हिवाळ्यात नागपुरातलं कुणी ना कुणी मला सांगतं, "नवेगावला जाऊन आलो, पण तलावावर पक्षीच नव्हते." किती वाजता पोचलात, असं विचारलं की उत्तर येतं: अकरा, साडेअकरा. मग मला वाईट वाटतं, कारण एवढ्या लांब गेलेल्या माणसाला सकाळी सातला तिथे काय असतं हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे लिहितोय.

आधी वेळ ठरवा. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जा. पावसाळ्यात तलाव भरलेला आणि देखणा असतो, पण पाहुणी बदकं तेव्हा आलेली नसतात.

नवेगावबांध गोंदिया जिल्ह्यात आहे, रस्ता सोपा आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ने भंडारा, लाखनी, साकोली, मग कोहमाऱ्याला उजवीकडे वळायचं. नागपूरहून तीन तास धरा. जानेवारीत सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, म्हणजे सकाळी घरून निघायचं तर तीनला निघावं लागेल. मी आदल्या संध्याकाळी जाऊन मुक्काम करतो आणि तुम्हालाही तेच सांगेन. रात्रभर गाडी हाकून आलेल्या माणसाला काठावर दोन तास शांत बसवत नाही. इथल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाची सफारी आणि तलाव ही दोन वेगळी कामं आहेत, एका सकाळीत दोन्ही कोंबू नका.

सामानात ८ बाय ४२ची दुर्बीण, मातकट रंगाचे कपडे, बसायला सतरंजीचा तुकडा, थर्मासमध्ये चहा. झालं.

आता खरी गोष्ट. पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, कसं चढायचं?

इथल्या तलावांची रचना आधी समजून घ्या. गोंदिया-भंडाऱ्याच्या कोहळी समाजाच्या मंडळींनी टेकड्यांमधल्या मोकळ्या जागा मातीच्या पाळी घालून बंद केल्या आणि पावसाचं पाणी अडवलं. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि त्या बहिणींनीच कोलू पाटलांना बांध घालायला मदत केली, अशी गावाची श्रद्धा आहे. पुढे लोकांनी कोलू पाटलांना कोलासुर देव म्हणून पुजलं. पाणी पसरलं की सुमारे ११ चौरस किलोमीटर होतं. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि असे तलाव सरकारजमा झाले, पण माजी मालगुजारीचं 'मामा तलाव' हे नाव लोकांच्या तोंडी आजही आहे.

हे सगळं सांगायचं कारण, पाळीला दोन बाजू असतात. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर. येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पाळीच्या माथ्यावरून चालतो, कारण पायवाट तिथेच असते. माथ्यावर चालणारा माणूस आभाळासमोर काळा, उंच आणि हलता दिसतो. पाण्यावरच्या बदकाला तो फार लांबून कळतो. तुम्ही शंभर पावलं चालेपर्यंत अख्खा थवा मध्यावर सरकलेला असतो, आणि तुम्हाला वाटतं तलाव रिकामा आहे.

मी स्वतः पहिले तीन हिवाळे असाच चाललो. ज्या सहलीबरोबर पहिल्यांदा गेलो, तिच्या आयोजकाने आम्हा वीस जणांना माथ्यावरून ओळीने नेलं आणि "जितकं जवळ जाल तितकं चांगलं दिसेल" असं सांगितलं. इतका चुकीचा सल्ला मला दुसरा माहीत नाही. जवळ गेलं की पक्षी उडतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला खाण्याच्या वेळी उठवलं की त्याचं नुकसान होतं, आणि ते आपण केलेलं असतं.

बरोबर पद्धत अशी. पाळीच्या बाहेरच्या, म्हणजे धानाच्या बाजूने खालून चाला. पाळ मधे आली की पाण्यावरून तुम्ही दिसत नाही. सूर्य पाठीशी येईल अशी जागा आदल्या संध्याकाळीच हेरून ठेवा, कारण सकाळी उन्हाकडे तोंड करून उभं राहिलात तर समोर फक्त काळे ठिपके दिसतील, मग दुर्बीण कितीही भारी असो. जागेच्या खाली पोचलात की झुडपाच्या आडोशाने वाकून वर चढा. डोकं माथ्याच्या वर यायच्या आधी थांबा, मग हळूहळू डोळे वर आणा आणि तिथेच बसा. उभं राहायचं नाही. पहिली वीस मिनिटं कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी आधी सरकलेली बदकं परत काठाकडे येऊ लागतात. हे इतक्या वेळा पाहिलंय की आता मी घड्याळ लावून बसतो.

पाण्यावर बहुतेक धुकं असेल. धुकं आहे म्हणून उठू नका. आठच्या सुमारास ते पाण्यापासून सुटायला लागतं, आणि त्याच्या खालून आधी आवाज येतो, मग माना दिसतात.

कुठे काय शोधायचं तेही सांगतो. तलवार बदक बुडी मारत नाही. ते डोकं पाण्यात घालून शेपूट वर करतं आणि तळाचं खातं, म्हणून ते उथळात, काठाजवळ असतं. लालसरी बुडी मारते, तिला खोल पाण्यात शोधा. कमळाच्या पानांवर नजर ठेवली तर कमळपक्षी चालताना दिसेल. त्याची बोटं इतकी लांब असतात की पान दबतं, पण बुडत नाही. पट्टकादंब या भागातल्या तलावांवर दिसला तर त्याच्या पांढऱ्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे नीट पाहून घ्या. हा हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. इथून जवळच गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे. त्या पठाराहून आलेली माणसं आणि त्या पठाराहून येणारे पक्षी एकाच तालुक्यात, हे मला दरवेळी आठवतं.

मोठ्या तलावात पाणी फार चढलेलं असेल तर उथळात खाणारी बदकं तिथे कमी असतात. अशा वेळी हट्ट धरू नका. आसपासचे छोटे तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, बघा. पद्धत हीच.

आता गाळाबद्दल. पाणी ओसरलं की काठाला राखाडी पापुद्रा धरतो. त्याला फरशीसारख्या भेगा पडतात आणि तो वाळलेला दिसतो. फेब्रुवारीतल्या एका सकाळी फोटोसाठी मी त्यावर उतरलो. दोन पावलं नीट पडली, तिसऱ्याला गुडघ्यापर्यंत आत गेलो. एक पाय ओढला की दुसरा आणखी खाली. शिंगाड्याच्या वाफ्याकडे निघालेले एक ढिवर (मासेमार) काका काठावरून ओरडले, "जोर नोका लावू भाऊ! वरून वारलेलं दिसते, खाली गाराच हाये." म्हणजे वरून वाळलेलं, खाली चिखलच. त्यांनी बांबू आडवा टाकला, मला मागे रेलून बसायला लावलं आणि एकेक पाय हलवत, सावकाश सोडवायला सांगितलं. पंधरा मिनिटं लागली. बूट आतच राहिला.

तेव्हापासून माझा नियम एकच. जिथे गुरांच्या खुरांचे ठसे आहेत आणि ते बोटभर खोल आहेत, तिथेच पाय ठेवायचा. ठसा मुठीएवढा खोल असेल तर मागे फिरायचं. ठसेच नसतील तर गुरांनीही ती जागा सोडली आहे, आपणही सोडायची. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना पाळीच्या खाली उतरूच देऊ नका.

दहानंतर उठा. दुपार जंगलाच्या कडेने, मोहा-ऐन-तेंदूच्या सावलीत, किंवा धान कापलेल्या बांध्यांमध्ये लाखोळीची निळी फुलं बघत घालवा. इटियाडोह धरणही जवळ आहे. नावेत बसायचं असेल तर दुपारीच बसा, आणि नावाड्याला थव्याकडे न्यायला सांगू नका. तुम्ही मागितलं की तो नेतो. ड्रोन आणि स्पीकर घरी ठेवा.

चारला पुन्हा पाळीवर या, आता दुसऱ्या बाजूने, कारण सूर्य फिरलेला असतो. शेवटचा उजेड जाईपर्यंत बसा. अंधार पडू लागला की अडया, म्हणजे शीळ घालणारी बदकं, खाण्यासाठी धानाच्या बांध्यांकडे निघतात. त्या दिसण्याआधी त्यांची शीळ ऐकू येते, अगदी डोक्यावरून. ती ऐकली की मी सतरंजी झटकतो आणि खालच्या वाटेनेच परत येतो. साडेसहाला निघालात तर भंडाऱ्यात जेवून साडेदहापर्यंत नागपुरात.