कोड एडिटर वापरताना या चुका टाळा : आधी खालची पट्टी वाचा

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गूळ अडत्याचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. हिशोबपट्टीवरचा 'शेतकऱ्याचे नाव' हा मथळा बदलायचा होता. पाच मिनिटांचं काम. आमच्याकडचा नवा पोरगा व्हीएस कोड या एडिटरमध्ये (कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये) तो शब्द शोधत बसला होता. शब्द समोर स्क्रीनवर दिसतोय आणि सर्च म्हणतोय, एकही नाही.

"दादा, एडिटर गंडलाय. काढून परत टाकू काय?"

म्हटलं, थांब भावा. तो दिसणारा शब्द माउसने निवड आणि खाली बघ. खालच्या निळ्या पट्टीवर आकडा आला : 11 निवडले. मग त्याने सर्चमध्ये टाइप केलेलं 'शेतकऱ्याचे' रिकाम्या फाइलीत पेस्ट करून निवडलं. 10. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच, पण एकात काहीतरी जास्त.

भानगड 'ऱ्या'ची होती. हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन वाटांनी लिहिता येतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे. कोणता कीबोर्ड वापरता यावर कुठली वाट पडते ते ठरतं. स्क्रीनवर फरक शून्य, पण एडिटरच्या लेखी शब्द दोन. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (सारख्या अक्षरांना एकच रूप द्यायची सोय) चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत. फाइलीत हे जोडक कुठे लपलेत ते बघायला सर्चमध्ये रेगेक्स (नमुन्याने शोधायची सोय) चालू करा आणि बॅकस्लॅश, मग यू, मग 200डी असं टाका. सरसकट उडवू मात्र नका, जोडकाच्या अगोदरचा र आधी ऱ करा. आम्ही डेटा साठवतानाच सगळं एका रूपात आणायचा नियम केला. व्यापाऱ्यांची नावं शोधताना ग्राहक 'सापडत नाही' म्हणायचा, तेही त्याच दिवशी मिटलं.

माझं म्हणणं एवढंच, की एडिटरला नावं ठेवायच्या आधी ती खालची पट्टी वाचायची. कर्सर कुठे आहे, टॅब की स्पेस, एन्कोडिंग (अक्षरं फाइलीत साठवायची पद्धत) कोणतं, ओळीचा शेवट कसला, भाषा कोणती, सगळं तिथं लिहिलेलं असतं आणि प्रत्येकावर क्लिक करून बदलताही येतं. पोरं तिच्याकडे बघत नाहीत, सरळ नवं एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायची जादा सोय) शोधायला लागतात.

विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर नेली आणि 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून अडली, की पट्टीवर सीआरएलएफ दिसतंय का बघा. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हं (सीआर आणि एलएफ) टाकतं, लिनक्सला एकच (एलएफ) लागतं. जास्तीचं चिन्ह पहिल्याच ओळीत बॅशच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, नावाला चिकटतं आणि त्या नावाचा प्रोग्राम सर्व्हरवर नसतो. तिथं क्लिक करून एलएफ निवडा, सेव्ह करा. पण हे एका मशीनवर करून भागत नाही. रेपोत (गिट बदलांची नोंद ठेवतं त्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये) डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल ठेवून शेल स्क्रिप्टना एलएफच राहील असं सांगून टाका, नाहीतर पुढचा माणूस परत तेच करतो.

पायथनवाल्यांचं रडगाणं ठरलेलं : "पिपने टाकलंय, तरी मॉड्यूल सापडत नाही." पिप म्हणजे पायथनमध्ये जादा कोड, म्हणजे मॉड्यूल, टाकायचं साधन. टाकलंय एका पायथनमध्ये, चालवतोय दुसऱ्यात. पायथनची फाइल उघडी असताना पट्टीच्या उजवीकडे आवृत्ती दिसते, तिथून प्रोजेक्टचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) निवडायचं. झालं.

एन्कोडिंगची चूक महागात पडते

अडत्याच्या मुनीमजींना सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली साधी फाइल) पाठवली. त्यांनी डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, मराठी नावांच्या जागी कचरा. फाइल बरोबरच होती, यूटीएफ-8. सुरुवातीला बीओएम नावाची खूण नसली, की डबल क्लिकने उघडताना एक्सेलचा अंदाज चुकतो. पट्टीवरच्या यूटीएफ-8 वर क्लिक करून 'सेव्ह विथ एन्कोडिंग' आणि 'यूटीएफ-8 विथ बीओएम' निवडलं की काम होतं.

त्याच यादीत वर 'रीओपन विथ एन्कोडिंग' असतं. या दोघांत गल्लत करू नका. रीओपन म्हणजे फाइल आहे तशीच, फक्त वेगळ्या चष्म्यातून वाचायची. सेव्ह म्हणजे फाइलच बदलायची. स्क्रीनवर कचरा दिसत असताना सेव्ह मारलं, तर तो कचराच फाइलीत पक्का होतो. मी स्वतः एकदा ग्राहकांची अख्खी यादी अशी घालवलीय. वाचलो ते टाइमलाइनमुळे. एडिटरमधल्या एक्सप्लोररच्या (फाइलींच्या यादीच्या) तळाशी हा भाग असतो आणि व्हीएस कोड 2022 पासून प्रत्येक सेव्हची स्थानिक प्रत तिथं ठेवतो, गिट असो वा नसो. सकाळची प्रत सापडली.

फाइंड-रिप्लेसचा नाद नको

कोडमधल्या 'रेट' या व्हेरिएबलचं नाव 'भाव' करायचं होतं. पोराने सगळीकडे रिप्लेस ऑल मारलं. 'जनरेट'चं 'जनभाव' झालं, 'सेपरेट'चं 'सेपभाव'. ऑफिसात आठवडाभर चेष्टा चालली, "बिल जनभाव झालं काय?" नावावर कर्सर ठेवून एफ2 दाबायचं असतं. तेव्हा एडिटर कोड समजून फक्त तेच नाव बदलतो. डेटाबेसच्या क्वेरीच्या स्ट्रिंगमधलं (अवतरणातल्या मजकुरातलं) कॉलमचं नाव मात्र एफ2 ला कळत नाही, ते हाताने बघावं लागतं. शोधूनच बदलायचं असेल तर सर्चच्या चौकटीत ऑल्ट+डब्ल्यू दाबून 'पूर्ण शब्द' चालू करा. चार-दोन ठिकाणांसाठी कंट्रोल+डी बरं, एकेक जागा बघून पुढे जाता येतं.

सेव्हवर फॉरमॅट, म्हणजे सेव्ह करताच कोडची मांडणी आपोआप नीट होणं, हीसुद्धा चांगली सोय, पण जुन्या प्रोजेक्टवर एकदम लावू नका. तीन ओळींचा बदल आणि डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडच्या तुलनेत) अख्खी फाइल लाल-हिरवी, मग तपासणारा वैतागतो. सेटिंग्जमध्ये फॉरमॅट ऑन सेव्ह मोड 'मॉडिफिकेशन्स' ठेवलं की फक्त बदललेल्या ओळींना हात लागतो. हे सेटिंग प्रोजेक्टच्या वर्कस्पेसमध्ये ठेवा, म्हणजे सगळ्यांना एकच नियम.

आता एक्स्टेन्शनची जत्रा. रंगीत कंस 2021 पासून व्हीएस कोडमध्येच आहेत, तरी त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन टाकलेले लॅपटॉप मी अजून बघतो. एचटीएमएलचा उघडणारा टॅग बदलला की बंद होणारा आपोआप बदलावा, यालाही 'लिंक्ड एडिटिंग' हे सेटिंग पुरतं. एडिटर जड झाला तर कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून 'शो रनिंग एक्स्टेन्शन्स' लिहा. सुरू व्हायला कोणी किती मिलिसेकंद खाल्ले ते समोर येतं.

आणि काहीतरी बिघडलंय पण कोणामुळे ते कळत नसेल, तर एकेक बंद करत बसू नका. त्याच जागी 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' लिहा. तो निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करतो आणि विचारतो, अजून त्रास आहे का? उत्तराप्रमाणे परत निम्मी. 32 असली तरी साधारण पाच फेऱ्यांत चोर सापडतो. आमच्या पोराचा कंट्रोल+एस मधूनमधून चालायचा नाही, तेव्हा हेच केलं. दोन फॉरमॅटर एकाच फाइलीवर भांडत होते. दोन्ही त्यानेच टाकलेले, एकाच दुपारी.