माध्यमांची नोंदवही लिहिताय? या चुका टाळा

दिवसभरात आपण काय वाचतो, बघतो, ऐकतो याची आठवडाभर नोंद ठेवायची, एवढंच हे काम. पत्रकारितेच्या वर्गात ते गृहपाठ म्हणून देतात आणि मोबाइलला वैतागलेली माणसं हल्ली आपणहूनही करतात. शंभर पानी वही, पेन आणि सात दिवस लागतात. तरी बहुतेक वह्या तिसऱ्या दिवशी कामातून जातात, आणि कारणं दरवेळी तीच.

रात्री आठवून लिहिणं

या एका चुकीने जेवढ्या वह्या वाया गेल्या तेवढ्या बाकी सगळ्या चुकांनी मिळून गेल्या नसतील. अशी वही पहिल्या पानावरच ओळखू येते, कारण सगळे आकडे दहाच्या पटीत असतात. एका गृहस्थांची वही याचा नमुना आहे. रोज रात्री साडेदहाला, अंथरुणात बसून लिहिलेली. पेपर 30 मिनिटं, बातम्या 30, मालिका 30, व्हॉट्सॲप 20. पाचही दिवस हेच, अक्षरसुद्धा सुरेख. त्यांच्याच फोनने त्यातल्या एका दिवसाचा व्हॉट्सॲपचा हिशेब दाखवला 1 तास 50 मिनिटं, आणि फोन उघडला होता 94 वेळा.

गृहस्थ खोटं लिहीत नव्हते. 110 मिनिटांना 94 ने भागलं तर एका खेपेला साधारण 70 सेकंद येतात (94 खेपांतल्या काही इतर कामांसाठीच्या असणार, पण अंदाज येतो). बसून पाहिलेली मालिका रात्री आठवते, कारण तिला सुरुवात आणि शेवट असतो. गॅसपाशी उभं राहून 70 सेकंद पाहिलेला गुड मॉर्निंगचा फोटो कोणाच्या लक्षात राहणार? आठवणीतून लिहिलेल्या वहीत मोठमोठे तुकडे येतात आणि चिल्लर गळून जाते. सवय तर त्या चिल्लरीतच असते.

उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. कागदाची चौघडी खिशात किंवा ओट्यावर ठेवा. फोन हातात घेतला की वेळ आणि एक अक्षर लिहा: ‘7.12 व्हॉ’, ‘7.31 पे’, ‘8.05 यू’. बस. वहीतले बाकीचे रकाने (ते कोणते, ते पुढे येतंच) दिवसातून तीनदा भरा: जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळच्या चहाला आणि झोपण्याआधी. तीन-चार तासांपूर्वीची नोंद अक्षर पाहून आठवते, पंधरा तासांपूर्वीची नाही.

ही नोंद मोबाइलमधल्या नोट्समध्ये करू नका. ‘सोयीचं पडतं’ म्हणणारे हमखास भेटतात. नोंद करायला फोन उघडायचा, उघडला की वर चार सूचना लोंबकळत असतात, आणि नोंद राहते बाजूला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखं आहे ते.

‘कंटाळा आला म्हणून’

वहीत पाच रकाने हवेत: वेळ, काय, कशावर, त्याआधी काय चाललं होतं, आणि थांबलं कशाने. चौथ्या रकान्याचं मथळ्यात ‘कारण’ असं नाव ठेवलंत की संपलं. माणूस कारण शोधायला लागतो आणि सात दिवस ‘कंटाळा’, ‘टाइमपास’, ‘सवय’ असं लिहीत सुटतो. त्यातून काहीही हाती लागत नाही.

कारण लिहूच नका. फोन हातात येण्याच्या क्षणी समोर काय होतं तेवढं लिहा. कुकरच्या दोन शिट्ट्या बाकी होत्या. लिफ्ट सातव्या मजल्यावर अडकली होती. पोळ्यांची कणीक भिजत ठेवली होती. एक्सेलची फाइल उघडत नव्हती. सासूबाई फोनवर बोलत होत्या. अशा चाळीसेक ओळी जमल्या की ठरावीक जागा आपोआप वर येतात. ‘फाइल उघडत नव्हती’ आठ वेळा आलं तर तो कंटाळा नसतो, ऑफिसचा संगणक जुना झालेला असतो. ‘बाथरूमला जाताना’ रोज आलं तर तेही कळतं, भले वही कोणाला दाखवणार नसाल.

पाचवा रकाना लोक रिकामा सोडतात. तोही तितकाच बोलका असतो. ‘शिट्टी झाली’, ‘बॅटरी संपली’, ‘मुलगी हाक मारत होती’ असं लिहिलेलं दिसतं. ‘बघून झालं’ असं क्वचितच.

फोनच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास

फोनवर किती वेळ गेला ते दाखवणारे अँड्रॉइडमधलं डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनमधलं स्क्रीन टाइम, दोन्ही 2018 मध्ये आले. दोन्ही कामाचे आहेत, पण पडताळणीपुरते. पडदा उजळलेला असताना जे ॲप समोर आहे त्याचा वेळ ते मोजतात, तुमचं लक्ष मोजत नाहीत. पुण्याहून कोल्हापूरला गाडीने जाताना नकाशा चालू ठेवलात तर त्या दिवशी चारेक तास फुकट वाढतात. उलट पडदा बंद करून दीड तास पॉडकास्ट ऐकलं तर ते या हिशेबात दिसत नाही. टीव्ही, छापील पेपर, रेडिओ, ऑफिसच्या लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप वेब यांचा तर फोनला पत्ताच नसतो. फेसबुक किंवा इन्स्टाग्राममध्ये बातमीची लिंक दाबली की ती बहुधा त्यांच्याच खिडकीत उघडते, म्हणून तुम्ही वाचलेला अग्रलेख फेसबुकच्या खात्यात जमा होतो. आणि जेवताना पोराच्या हाती दिलेला फोन आईच्या नावावर तासभर कार्टून लिहून मोकळा होतो.

म्हणून एकूण तासांपेक्षा फोन किती वेळा उघडला ते पाहा. आयफोनवर आणखी एक चांगली यादी मिळते: फोन उचलल्यावर पहिल्यांदा कोणतं ॲप उघडलं. यूट्यूबचं काय पाहिलंत ते इतिहासात तारखेनुसार नावासकट असतं, ते वहीशी ताडून बघा. इतिहास बंद ठेवला असेल तर आठवड्यापुरता चालू करा.

पहिल्याच दिवशी सुधारायला निघणं

सोमवारी वही सुरू, मंगळवारी इन्स्टाग्राम काढलं, शुक्रवारी परत टाकलं. या घाईला औषध नाही. तुम्हाला वजन करायचं होतं, तुम्ही काट्यावर उभं राहण्याआधीच उपास धरलात. पहिले सात दिवस काहीही बदलायचं नाही, टायमर लावायचा नाही, रील्स पाहिल्या तर पाहिल्या म्हणून लिहायच्या. टायमरबद्दल तसंही फार आशा ठेवू नका. आयफोन मर्यादा संपल्यावर आणखी एक मिनिट, पंधरा मिनिटं की आजचा दिवस सोडून देऊ, असं स्वतःच विचारतो. अँड्रॉइड ॲप मध्यरात्रीपर्यंत बंद ठेवतो, पण सेटिंगमध्ये जाऊन टायमर काढायला अर्धं मिनिट पुरतं, आणि ते अर्धं मिनिट सगळ्यांना मिळतं.

दोन गोष्टी एकाच वेळी, हिशेब दुप्पट

अर्धा तास मालिका आणि अर्धा तास मोबाइल म्हणजे एक तास होत नाही, घड्याळात अर्धाच गेलेला असतो. ‘पाहिलं’ आणि ‘चालू होतं’ अशा दोन खुणा करा. केबल टीव्हीच्या नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त 12 मिनिटं जाहिराती दाखवता येतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या मालिकेत सहाएक मिनिटं. जाहिरातीत उचललेला फोन मालिका परत सुरू झाल्यावर खाली ठेवला का, तेवढं लिहा.

किरकोळ, पण नेहमीच्या

गणपतीत, दिवाळीत किंवा निवडणूक निकालाच्या आठवड्यात वही सुरू करू नये. रविवार मात्र त्यात हवाच.

पेपर आणि पुस्तक तेवढं ‘चांगलं’ म्हणून आग्रहाने लिहायचं आणि रील्स गाळायच्या, हा स्वतःलाच चकवण्याचा प्रकार आहे. पुरवणीतलं राशिभविष्यही लिहा.

‘व्हॉट्सॲप’ एवढंच लिहू नका. घरचा निरोप, सोसायटीच्या पाण्याचं भांडण, ऑफिसचा ग्रुप आणि दोन बाणांचा ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ मजकूर ही चार वेगळी माध्यमं आहेत.

घरच्यांची वही त्यांच्या नकळत लिहू नका. भांडण होईल आणि तेही नोंदवावं लागेल.

आठव्या दिवशी

बेरजा करत बसू नका. दोन रंगांची पेनं घ्या. एकाने चौथ्या रकान्यात पुन्हा पुन्हा आलेल्या जागा अधोरेखित करा, दुसऱ्याने जे पाहून झाल्यावर आता आठवतंय ते. सात दिवसांची पानं शेजारी-शेजारी ठेवली की दुसरा रंग किती कमी दिसतो ते बघा. मग सगळ्यात जास्त वेळा आलेली एकच जागा निवडा. सकाळचा गजर फोनवर असल्यामुळे दिवसाची पहिली नोंद 5.58 ला पडत असेल, तर साधं गजराचं घड्याळ आणा आणि फोन चार्जिंगला बाहेरच्या खोलीत लावा. ग्रुपच्या सूचनांमुळे असेल तर तो ग्रुप आठ तास किंवा आठवडाभर नव्हे, ‘नेहमीसाठी’ म्यूट करा. बाकी काही हलवू नका. दोन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस वही लिहा, त्यातला एक रविवार, आणि फक्त त्या जागेसमोर किती खुणा पडतात ते मोजा.