घरशाळेचं वर्ष देवापुढे ठेवताना

घरी शिकणाऱ्या मुलांना प्रगतिपुस्तक मिळत नाही. म्हणून श्रद्धाळू घरात वर्षअखेरीला दोनपैकी एक उद्गार निघतो: ‘देवाने सगळं करून घेतलं’ किंवा ‘यंदा काहीच झालं नाही’. दोन्हींत तपशील नाही. तो काढायला पूजेचाच क्रम घ्या: संकल्प, मग हिशेब, मग क्षमापन आणि शेवटी अर्पण.

त्यासाठी मेअखेरच्या दोन संध्याकाळी ठरवा, दिवेलागणीनंतर पाऊण-पाऊण तास. जूनच्या मध्यावर सोसायटीच्या फाटकाशी शाळेच्या व्हॅन यायला लागल्या की शेजारच्या मुलांशी तुलना सुरू होते. उपासाचा दिवसही टाळा. पोटातली भूक मुलाच्या गणितावर निघते.

पहिल्या संध्याकाळी फक्त आईबाबा बसतील. गेल्या वर्षीचा संकल्प लिहिलेला नसेल तर दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर पाच ओळींत आठवून लिहावा आणि मगच कागद बदलावेत. एकाला संस्कार हवे होते, दुसऱ्याला दहावीची तयारी. वर्षभराच्या कुरबुरींचं मूळ बरेचदा इथेच सापडतं.

आता वह्या काढा. प्रत्येक विषयाचं जूनमधलं एक पान आणि एप्रिलमधलं एक पान शेजारीशेजारी ठेवा. फोनमधले फोटो महिनावार पाहा. ऐरोलीच्या खाडीवर पाहिलेले फ्लेमिंगो, येऊरच्या जंगलातली पावसाळी फेरी हाही अभ्यासच, आणि नेमका तोच मोजायचा राहतो. मग तीन रकाने आखा: आलं, अर्धवट, सुरूच केलं नाही. ‘अपूर्णांक कच्चे’ ही नोंद नव्हे. ‘छेद वेगळे असले की बेरीज चुकते’ ही नोंद.

अर्धवट रकान्यात ‘देवाची इच्छा’ लिहू नका. कारण लिहा. बाबा लोकलने रात्री नऊला घरी पोचत असतील आणि विज्ञान सव्वानऊला ठरलं असेल, तर तो तास बुडणारच होता. तो सकाळी हलवा. आजारपण, घरातलं दुखणंखुपणं, नोकरीतला बदल हेही स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा नाही.

श्रद्धेच्या नोंदीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाठांतर मोजणं. किती स्तोत्रं पाठ झाली हे भाषेच्या खाली लिहा. इथे फक्त न सांगता घडलेलं लिहायचं: स्वतःहून लावलेलं निरांजन, उन्हात उभ्या वॉचमनकाकांना नेऊन दिलेलं पाणी, खोटं बोलल्यावर आपणहून दिलेली कबुली. काही आठवलं नाही तर जागा कोरी ठेवा. ओढूनताणून भरलेली नोंद मुलाला लगेच कळते.

दुसऱ्या संध्याकाळी मूल येईल. सुरुवात मोठ्यांच्या क्षमापनाने करा, आणि ते नेमकं हवं. ‘काही चुकलं असेल तर’ असं मोघम नको. ‘मार्चमध्ये भागाकारावरून मी तुझ्यावर ओरडलो’ असं म्हणा. उलट माफी मागायला लावू नका, नाहीतर पुढच्या वर्षी ते या बैठकीलाच घाबरेल. मग दोनच प्रश्न विचारा: पुन्हा काय करायला आवडेल आणि काय नको? उत्तरं त्याच्याच शब्दांत उतरवा, मध्ये दुरुस्ती न करता.

शेवटी त्याला एक वही निवडू द्या. ती देव्हाऱ्यासमोर ठेवा, ‘श्रीकृष्णार्पणमस्तु’ म्हणत ताम्हनात पळीभर पाणी सोडा आणि रात्रभर वही तिथेच राहू द्या. मूल खाडाखोडीची वही निवडेल कदाचित. नीटनेटकी वही तिच्या जागी सरकवू नका.

नव्या संकल्पाला तीन ओळी पुरेत. मूल तेराचं झालं असेल तर त्यातली एक ओळ परीक्षेची: एनआयओएसच्या (घरी शिकून परीक्षा देता येणारं राष्ट्रीय मुक्त विद्यालय मंडळ) दहावीला किमान वय १४ लागतं, नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. तेव्हा परीक्षेच्या धास्तीने सकाळची प्रार्थना वेळापत्रकातून काढायची गरज नाही.