जुन्या अमेरिकी डॉलरचे मोल कसे काढावे

चांदीचा जुना डॉलर हाती आला की पहिला प्रश्न त्याच्या वयाचा निघतो. वास्तविक वयाचा आणि किमतीचा संबंध फारच सैल असतो. झिजलेले रोमन तांब्याचे नाणे कित्येकदा शंभर वर्षांच्या डॉलरपेक्षा स्वस्त मिळते. येथे मॉर्गन डॉलर उदाहरणादाखल घेतला आहे, कारण तो संग्राहकांचा विशेष आवडता आहे आणि त्याच्या नकलाही उदंड आहेत.

प्रथम नाणे खरे आहे का, ते पाहावे. मूळ मॉर्गन डॉलर 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडले गेले. 2021 पासूनची नवी आवृत्ती वगळता अन्य कोणतेही वर्ष दिसले, तर पुढे तपासण्याची गरजच नाही. वजन 26.73 ग्रॅम आणि व्यास 38.1 मिलिमीटर असावा. झिजेमुळे वजन किंचित घटते. पण दोन-तीन ग्रॅमची तफावत असेल किंवा नाणे चुंबकाला चिकटत असेल, तर ते खोटे समजावे.

त्यानंतर धातूचे मोल काढावे. मूळ नाण्यात 90 टक्के, म्हणजे सुमारे 24 ग्रॅम शुद्ध चांदी असते. चांदीचा किलोचा भाव हजाराने भागून 24 ने गुणला, की ज्याच्या खाली नाणे विकू नये तो आकडा मिळतो. 1921 च्या झिजलेल्या नाण्याला याहून फारसे अधिक मिळत नाही, कारण त्या वर्षी एकट्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने 4 कोटी 46 लाखांहून अधिक डॉलर पाडले होते.

खरा फरक पडतो तो टांकसाळीमुळे. नाण्याच्या मागील, गरुडाच्या बाजूस, पुष्पहाराच्या गाठीखाली बारीक अक्षर शोधावे: ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, ‘सीसी’ म्हणजे कार्सन सिटी, 1921 च्या नाण्यावरील ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, आणि अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया. 1893 चे ‘एस’ नाणे केवळ 1 लाख पाडले गेले आणि ते झिजलेले असले तरी मोठी किंमत आणते. मात्र किती पाडली यावरून किती उरली हे कळत नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात नोटांच्या बदल्यात चांदीचे रुपये देणे सरकारला कठीण झाले, तेव्हा 1918 च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने 27 कोटींहून अधिक डॉलर वितळवले आणि त्यांतील बहुतांश चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कनवटीच्या रुपयांत ही चांदी असणे अगदी शक्य आहे. कोणत्या वर्षाची किती नाणी वितळवली, याची नोंद ठेवली गेली नाही. म्हणूनच 1903 चे ‘ओ’ नाणे, 44 लाखांहून अधिक पाडलेले असूनही, दुर्मीळ मानले जाई. 1962 मध्ये अमेरिकेच्या सरकारी तिजोरीतून त्याच्या पिशव्याच बाहेर आल्या आणि भाव कोसळला.

अवस्था 1 ते 70 गुणांच्या मापाने मोजतात; 60 पासून पुढची नाणी चलनात न फिरलेली. पुढील बाजूवरच्या स्वातंत्र्यदेवीच्या कानावरचे केस आणि गरुडाच्या छातीवरील पिसे सर्वांत आधी झिजतात, तेव्हा भिंगाने तीच पाहावीत. न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांवर छापच अनेकदा कच्चा उठलेला असतो. तेथे मूळ झळाळी शाबूत असेल, तर तो सपाटपणा झिजेचा नसतो. नाणे चिंचेने किंवा पितांबरीने मुळीच घासू नये. काळवंडलेले नाणे संग्राहक आनंदाने घेतात, घासलेल्याचा भाव पाडून मागतात.

भाव पाहताना विक्रेत्याने मागितलेली किंमत सोडून द्यावी आणि त्याच वर्षाचे, त्याच टांकसाळीचे, त्याच अवस्थेतील नाणे लिलावात प्रत्यक्ष कितीला गेले, ते शोधावे. नाणी तपासून डबीत सीलबंद करणाऱ्या पीसीजीएस किंवा एनजीसी या संस्थांचे प्रमाणीकरण खर्चिक असल्याने साध्या नाण्याला परवडत नाही. 1893 च्या ‘एस’ नाण्याला मात्र ते अनिवार्य समजावे, कारण साध्या नाण्यावर ‘एस’ चिकटवण्याचा उद्योग जुना आहे. नाणे आधीच सीलबंद डबीत मिळाले, तर डबीवरील क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा आणि तेथील छायाचित्र हातातल्या नाण्याशी जुळवावे, कारण डब्यांच्याही नकला होतात.