तीन राज्यांच्या वेशीवर धनेशाची ढोली कशी राखावी

माझं सासर सत्तरीतलं केरी, माहेर दोडामार्ग तालुक्यातलं विर्डी आणि थोरल्या ताईला दिलंय कणकुंबीला, म्हणजे कर्नाटकात. चोर्ला घाटाभोवतीचं रान असंच तिघांत वाटलंय. गोव्याकडे म्हादई अभयारण्य, खानापूरकडे भीमगड, महाराष्ट्राकडे तिळारी. महाधनेश म्हणजे मोठ्या चोचीचा, फळं खाणारा पक्षी (ग्रेट हॉर्नबिल). त्याची मादी एका राज्यातल्या ढोलीत बसते आणि नर तिच्यासाठी दुसऱ्या राज्यातल्या उंबरावरून फळं आणतो. नुसतं ढोलीचं झाड वाचवून भागत नाही, पलीकडचा उंबरही उभा राहावा लागतो. म्हणून तिन्हीकडे एकाच नमुन्याची वही ठेवायची. ती कशी, ते सांगते.

आधी माणसं जोडा, आणि ती नात्यागोत्यातून जोडा. प्रत्येक बाजूला रोज रानात जाणारी दोन-तीन माणसं पुरतात. गुराखी चालेल, वनरक्षक चालेल. मला विचाराल तर काजूवाल्या बायका सगळ्यांत उत्तम. धनेशाची वीण साधारण जानेवारी ते मे, आणि काजूचा हंगामही तोच. बोंडू वेचायला त्या सकाळीच डोंगरात असतात. "गरुड कुठे फिरतो गं?" एवढंच विचारा (आमच्याकडे धनेशाला गरुडच म्हणतात), बाकीचं त्या सांगतील.

ढोली शोधायची तर डोळ्यांआधी कान उघडे ठेवा. महाधनेशाच्या पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा दुरून येतो. जोडीतला नर एकटाच, रोज त्याच दिशेला जाताना दिसला की समजायचं, मादी बसली. मग त्या बाजूच्या जुन्या, जाड बुंध्याच्या झाडांखाली बघा. बिया, विष्ठा, फळांची सालं पडलेली असतात, क्वचित कोवळी रोपंही. वर खोडात उभी अरुंद फट दिसते. मादीने विष्ठा आणि फळांचा गर लिंपून ढोलीचं तोंड आतून बुजवलेलं असतं आणि चोचीपुरती जागा ठेवलेली असते. आत तिची उडायची पिसं गळतात. नर मारला गेला तर मादी आणि पिल्लू दोघंही उपाशी मरतात. हा पक्षी स्वतः ढोली कोरत नाही, जुन्या झाडात आपोआप झालेली पोकळीच त्याला लागते आणि तीच तो वर्षानुवर्षं वापरतो. असं झाड तोडलं तर त्याची भरपाई आपल्या हयातीत होत नाही.

बघायला बसाल तर आडोशाने, लांब बसा. नर आला की आधी शेजारच्या फांदीवर बसून बराच वेळ इकडेतिकडे पाहतो. खात्री पटली की ढोलीशी येऊन खोडाला धरतो, मान झटकतो, घशातलं एकेक उंबर चोचीच्या टोकावर आणतो आणि फटीतून आत देतो. तुम्ही असताना तो फांदीवरून हलत नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात. गुपचूप मागे व्हा. झाडावर चढणं, फ्लॅश मारणं, आवाज वाजवून बोलावणं यातलं काहीही करू नका.

वहीत एका पानावर एक झाड. झाडाची जात, जमीन वनखात्याची, देवस्थानची, आल्वारा (पोर्तुगीज काळात सरकारने कसायला दिलेली) की खासगी, मादी कधी बसली, नराने काय आणलं, पिल्लू कधी उडालं. वहीचा मागचा भाग फळझाडांचा: वड, उंबर, रानजायफळ, आणि ककणेर या दुसऱ्या जातीच्या धनेशासाठी काजरा. जमलं तर देवराया आधी नोंदवा. सत्तरीतल्या निरंकाराच्या राईत तर रानजायफळाची दलदलच आहे. फळझाड ज्या गावात, त्याच गावातलं एक माणूस त्याचं राखणदार. महिनाअखेरीला फोनवर तिन्ही वह्या ताडून बघायच्या. झाडाचं ठिकाण मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कधीही टाकू नका. एक फोटो फिरला की कॅमेरेवाल्यांची रांग लागते.

ही यादी पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे देऊन लोक जैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या. समिती कागदावरच असेल तर ग्रामसभेत विषय काढा.

मग ही झाडं राखा म्हणून पत्र. मजकूर एकच, पत्ते तीन: गोव्याचं वनखातं, सावंतवाडी वनविभाग, बेळगाव वनविभाग. खाली बाकी दोघांना प्रत दिल्याचं स्पष्ट लिहा. कर्नाटकाचं पत्र कन्नडमध्येही द्या, आमचं ताईच्या मुलाने लिहून दिलं. पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

खासगी जमिनीतलं झाड विकायला निघालं, तर ठेकेदार पोचण्याआधी मालकाच्या घरी जा. त्याचीही अडचण असते, ती नीट ऐकून घ्या. परवानगीचे कायदे तिन्हीकडे वेगळे आहेत. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा खासगी झाडालाही लागू होतो, तक्रार वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी करायची. महाराष्ट्रात १९६४ चा कायदा, कर्नाटकात १९७६ चा. त्या त्या बाजूच्या माणसाने आपापल्या कायद्याची प्रत जवळ ठेवावी.

सगळ्यांत मोठी भीती आगीची. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात पेटलेल्या आगी आम्ही दारातून पाहिल्यात. काजूखालचा पाला जाळू नका, ओढून आळ्यात घाला, झाडालाही ओल राहते. धूर दिसला की आधी पलीकडच्या माणसाला फोन करून डोंगराचं नाव सांगा, मग खात्याला. महाराष्ट्रात वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.

महाधनेश २०१८ पासून आणि मलबारी राखी धनेश २०२० पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत 'असुरक्षित' गणला जातो. राखी धनेश तर पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाही. ग्रामसभेत हे जरूर वाचून दाखवा, पण पिल्लू उडाल्याची बातमी आधी द्या, लोक कान देतात.

जूनमध्ये ढोलीखाली उगवलेली रोपं पिशव्यांत भरा आणि तिन्ही बाजूंना वाटा. ढोली एखाद्या वर्षी रिकामी राहिली तरी पान फाडू नका. 'या वर्षी बसली नाही' असं लिहून पुढच्या जानेवारीत पुन्हा बघा.