काट्यावरच्या कॉम्प्युटरची डिस्क तपासायला निघताना

सांगली मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगात आले की एखाद्या पेढीवरून फोन येतोच: लाइट गेली, परत आली, आणि काट्यावरच्या नोंदी दिसेनात. निघण्याआधी फोनवरच बजावा, मशीन बंद ठेवा, चालू करून बघत बसू नका. डिस्कवर एफ-टू-एफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे फायली मांडून ठेवायची व्यवस्था, असेल तर हे दुप्पट ठासून सांगा. २०१३ मध्ये लिनक्स ३.८ बरोबर आलेली ही लॉग पद्धतीची फाइल सिस्टिम जुना मजकूर सहसा जागच्या जागी खोडत नाही, नवा मजकूर मोकळ्या जागेत लिहीत जाते. म्हणून कालची नोंद अजून डिस्कवर सापडू शकते. मात्र गार्बेज कलेक्शन (जुनी जागा पुन्हा वापरायला मोकळी करणारी सफाई) फिरलं, किंवा ‘ही जागा मोकळी’ असा डिस्कार्ड एसएसडीला गेला, की तिची आशा सोडायची.

पिशवीत मूळ डिस्कपेक्षा मोठ्या दोन रिकाम्या डिस्क, यूएसबीवरून चालणारं लिनक्स, त्यात एफ-टू-एफएसची ताजी टूल्स आणि डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू, रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टचा पेनड्राइव्ह आणि डिस्क जोडायची एक चांगली साटा केबल घ्या. केबलला हसू नका. स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो) पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे तुकडे, शून्य आणि सीआरसी, म्हणजे डेटाची ने-आण करतानाच्या, चुका मात्र वाढलेल्या दिसल्या, तर पहिला संशय तिच्यावरच. रॅम खराब असली तर धडधाकट डिस्कवरही चुकीचंच लिहिलं जातं, आणि खापर फाइल सिस्टिमवर फुटतं.

डिस्क आपल्या मशीनला जोडण्याआधी ऑटोमाउंट, म्हणजे डिस्क आपोआप उघडली जाणं, बंद करा. नुसतं रीड-ओन्ली माउंट पुरत नाही. अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला एफ-टू-एफएस तशातही डिस्कवर लिहू शकते. त्यामुळे मॅप फाइल (कुठला भाग वाचला, कुठला राहिला याची नोंद) ठेवून डीडीरेस्क्यूने आधी पूर्ण प्रत काढा, आणि माउंट करायची ती प्रतच, तीही ‘नोरिकव्हरी’ हा, अर्धवट काम पुरं करू न देणारा पर्याय लावून. फाइल सिस्टिम तपासणारं एफएससीके पहिल्यांदा ड्राय-रनवर, म्हणजे काही न बदलता, चालवा, आलेला मजकूर जपून ठेवा. चेकपॉइंटचे, म्हणजे फाइल सिस्टिमच्या शेवटच्या पक्क्या स्थितीच्या नोंदीचे, दोन पॅक असतात. एक अर्धवट लिहिला गेला तर दुसऱ्यावरून सिस्टिम उभी राहते, तेव्हा माउंट झालं म्हणजे सगळं ठीक, असं मालकांना सांगून मोकळे होऊ नका.

एफएससीके स्वच्छ आलं तरी वजनाचे आकडे बरोबर आहेत असं ठरत नाही. ते टूल रचना तपासतं. फाइलमधल्या साध्या डेटाला इथे चेकसमची (डेटा बदलला का ते ओळखणाऱ्या आकड्याची) राखण नसते. खरा पुरावा दिवाणजींकडे असतो. लाइट किती वाजता गेली, शेवटची पट्टी, म्हणजे वजनाची पावती, कोणत्या नंबरची, हे विचारा आणि पट्टीबुकाच्या कार्बन प्रती मागून घ्या. फक्त शेवटच्या एक-दोन मिनिटांच्या पट्ट्या सलग गायब असतील तर बहुधा डेटा बिघडलेला नाही, तो डिस्कपर्यंत पोचलाच नव्हता. चेकपॉइंट साधारण ६० सेकंदांनी पडतो, आणि सॉफ्टवेअर एफसिंक करत, म्हणजे नोंद लगेच डिस्कवर उतरवत, नसेल तर मधलं जातं. मधल्याच पट्ट्या नाहीत, किंवा पोत्यांच्या रकान्यात भलतीच अक्षरं, असं असेल तर मात्र प्रकरण गंभीर. मग शेवटचा बॅकअप मागा. तो तळमजल्यावरच्या कपाटात ठेवत असतील तर २०१९ चा पूर आठवतो का, एवढं विचारलं तरी पुरे.

दुरुस्तीचं एफएससीके दुसऱ्या प्रतीवर चालवा. मूळ डिस्क पट्ट्या जुळेपर्यंत कोरी करायची नाही. काटा आजच चालू हवा असं मालक म्हणणारच; त्यांना तोवर नवी डिस्क लावून द्या.