एडिटच्या आधी: फुटेज लावून ठेवताना

कार्ड फॉरमॅट केलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत क्लिपचे क्रमांक पुन्हा सी०००१ पासून सुरू होतात. म्हणजे तीन दिवसांच्या शूटमध्ये सी०००१ नावाच्या तीन वेगळ्या क्लिप असू शकतात. त्या एकाच फोल्डरमध्ये ओतल्या तर एखादी दुसरीवर लिहिली जाते. वेगळ्या ठेवूनही पुढे डिस्क बदलल्यावर रीलिंक करताना, म्हणजे सॉफ्टवेअरला फाइलींची नवी जागा दाखवताना, भलतीच क्लिप टाइमलाइनला जोडली जाऊ शकते.

म्हणून प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर. नाव असं: २०२५०६१४_ए_०१, म्हणजे तारीख, कॅमेरा, कार्ड. वर्ष आधी लिहिलं की नावाचा क्रम हाच तारखेचा क्रम होतो. मात्र कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का, हे शूटच्या सकाळीच बघा.

कार्ड कॉपी करताना आतलं सगळं जसंच्या तसं घ्या. नुसत्या व्हिडिओ फाइली उचलून बाकीचं सोडू नका. बारीकशा एक्सएमएल फाइलींत क्लिपची माहिती असते, आणि लांब रेकॉर्डिंगचे तुकडे सलग जोडायला काही फॉरमॅटमध्ये मूळ फोल्डररचना शाबूत लागते. त्याच कारणासाठी मूळ फाइलचं नावही बदलू नका. गोप्रोचं उदाहरण घ्या: जीएच०१०१२३ चा पुढचा तुकडा जीएच०२०१२३. नावानुसार लावलं तर हे दोन लांब पडतात, कारण तुकड्याचा आकडा आधी आणि क्लिपचा नंतर येतो. अशा वेळी शेवटचे चार आकडे बघायचे.

कॉपी चेकसम (फाइलच्या आतल्या डेटावरून काढलेला ताळ्याचा आकडा) पडताळूनच करा. फाइलचा आकार जुळला एवढं पुरत नाही. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं क्लोन टूल हे काम करतं. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कितीही घाई असो. जागेचा हिशेब सोपा आहे: १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला साधारण ४५ जीबी. दोन कॅमेरे, प्रत्येकी चार तास म्हणजे ३६० जीबी, आणि दोन प्रतींचे ७२०.

लेबलं सॉफ्टवेअरच्या आत, मेटाडेटात, म्हणजे क्लिपला जोडलेल्या माहितीत. वेगळा रेकॉर्डर असेल तर आवाज आधी चित्राशी सिंक करून घ्या, नाहीतर मुलाखतीतलं नीट ऐकू न येताच लेबल लागतं. पहिल्या फेरीत फक्त कोण, कुठे, काय. ‘छान शॉट’ हे लेबल महिनाभराने काहीच सांगत नाही. ‘हात, माती मळताना, क्लोजअप, स्थिर’ हे सांगतं. शब्दांची यादी आधी ठरवून घ्या: एकाने ‘मुलाखत’ आणि दुसऱ्याने ‘इंटरव्ह्यू’ लिहिलं की शोधताना अर्धं फुटेज निसटतं. निवड दुसऱ्या फेरीत, मार्कर लावून. बिघडलेल्या क्लिपवर कारण लिहा, जसं ‘१२ व्या सेकंदाला फोकस गेला’, कारण पहिले ११ सेकंद कामाचे असू शकतात.

रिकाम्या खोलीचा आवाज ३० सेकंद घेतला असेल तर त्याला वेगळा बिन (सॉफ्टवेअरमधला फोल्डर) द्या. मुलाखतीतले कट झाकायला तोच लागतो, आणि बिनचेहऱ्याची क्लिप म्हणून सगळ्यात आधी तीच डिलीट होते.